अपॉइंटमेंट नेमकी कुठे अडत होती? एका रुग्णालयाच्या संकेतस्थळाचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका मोठ्या रुग्णालयाने बाह्यरुग्ण विभागाच्या अपॉइंटमेंट पूर्णपणे ऑनलाइन केल्या. आधी फोन करून किंवा खिडकीवर जाऊन वेळ घेता येत असे. नव्या व्यवस्थेत संकेतस्थळ आणि मोबाइल ॲप हे दोनच मार्ग उरले आणि फोन फक्त तातडीच्या कामासाठी ठेवला गेला. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत.)

सगळ्या प्रकरणाचं मूळ या बदलात आहे. संकेतस्थळ ही जादाची सोय होती तोवर त्यातल्या अडचणी लोक चालवून घेत होते. फोन होताच. पण तोच एकमेव दरवाजा झाल्यावर, ज्याला तो उघडता येत नाही त्याला डॉक्टरच भेटत नाही. असा निर्णय घेताना हा प्रश्न बैठकीत यायलाच हवा होता. तो आला नाही.

सुरुवातीच्या काळात तीन तक्रारी आल्या. एका अंध बाईंनी कळवलं की तारखेच्या पुढे जाताच येत नाही. कंपवातामुळे माउस धरू न शकणाऱ्या एका गृहस्थांनी लिहिलं की कॅलेंडर कीबोर्डला दादच देत नाही. तिसरी तक्रार एका कर्णबधिर तरुणाच्या बहिणीची होती. भावाने घेतलेली अपॉइंटमेंट दर वेळी आपोआप रद्द होत होती, का ते कळत नव्हतं.

व्यवस्थापनाने सुलभतेची, म्हणजे अपंग व्यक्तींना संकेतस्थळ वापरता येतं का याची, सॉफ्टवेअरकडून एक स्वयंचलित तपासणी करून घेतली. अहवालात शेकडो चुका निघाल्या. "हा आकडा शून्यावर आणा" असं फर्मान निघालं आणि त्याच टप्प्यावर मला बाहेरून तपासणीसाठी बोलावलं गेलं.

समस्या: अहवाल एक सांगत होता, माणसं दुसरंच

अहवाल खोटा नव्हता. फिका मजकूर, वर्णन नसलेली चित्रं, लेबल नसलेले रकाने, सगळं खरंच होतं. वेबएम ही संस्था दर वर्षी जगातल्या १० लाख लोकप्रिय संकेतस्थळांची मुखपृष्ठं अशाच साधनाने तपासते. २०२४ मध्ये त्यांतल्या ९५.९ टक्के पानांवर चुका सापडल्या आणि सर्वांत जास्त आढळलेली चूक होती फिक्या मजकुराची. आमचा अहवाल त्याच वळणाचा होता.

पण तो अहवाल आणि त्या तीन तक्रारी समोरासमोर ठेवल्या तर मेळ लागत नव्हता. कॅलेंडरच्या पायरीवर कीबोर्डबद्दल किंवा स्क्रीन रीडरबद्दल (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल) अहवालात एकही नोंद नव्हती. तपासणीचं साधन पानाचा कोड वाचतं. माणूस ते काम पूर्ण करू शकतो का, हे त्याला कळत नाही. डॉक्टरांच्या फोटोंना वर्णन म्हणून फाइलचं नाव दिलेलं होतं, आणि साधनाच्या लेखी वर्णन "आहे" म्हणजे पास.

म्हणून ज्यांच्या अडचणीची तक्रार होती त्या तिघांनाही विनंती केली: तुम्ही नेहमी वापरता त्याच यंत्रावर, नेहमीच्या पद्धतीने, आमच्यासमोर अपॉइंटमेंट घेऊन दाखवाल का? तिघंही तयार झाले. त्यांच्या वेळेचं मानधन द्यावं असा आग्रह मी धरला आणि तो मान्य झाला.

अंध बाई संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरत होत्या. तो मोफत आणि मुक्त स्रोत आहे. मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेलं आणि जेम्स टेह या दृष्टिहीन सहकाऱ्यासोबत वाढवलेलं हे काम आज जगभर वापरलं जातं. बाईंनी विभाग निवडला, डॉक्टर निवडले. कॅलेंडरवर आल्या तेव्हा आवाज येऊ लागला: "क्लिक करण्याजोगं, १. क्लिक करण्याजोगं, २. क्लिक करण्याजोगं, ३." महिना कुठला, वार कुठला, कुठल्या दिवशी डॉक्टर आहेत, यातलं काहीच नाही. उपलब्ध दिवस हिरवा आणि बाकीचे करडे, एवढाच फरक होता आणि तो फक्त रंगात होता. बाईंनी १४ वर एंटर दाबलं. काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा दाबलं. तरीही शांतता. खरं म्हणजे पहिल्याच वेळी तारीख निवडली गेली होती आणि खाली मोकळ्या वेळांची यादी उमटली होती. ते सांगणारा शब्द मात्र पानावर कुठेच नव्हता. दुसऱ्या एंटरने तीच तारीख रद्द झाली. त्या पुढचं शोधत होत्या तेवढ्यात सेशन संपलं आणि पान पुन्हा पहिल्या पायरीवर गेलं.

हे बघताना खोलीत बसलेला डेव्हलपर म्हणाला, "पण एंटर चालतंय. मी स्वतः बघितलंय." त्याचं म्हणणं बरोबर होतं आणि नेमकी तिथेच फसगत होती. प्रत्येक तारीख म्हणजे कोडमध्ये नुसता एक चौकोन होता, ज्याला क्लिक कळतं, कीबोर्ड कळत नाही. एनव्हीडीए अशा चौकोनावर एंटर दाबल्यावर आपल्या बाजूने माउसची क्लिक पाठवतो. म्हणून स्क्रीन रीडर चालू असताना एंटर "चालत" होतं. कंपवात असलेल्या गृहस्थांना नजर उत्तम होती, त्यामुळे त्यांच्या यंत्रावर स्क्रीन रीडर नव्हता. ते टॅब दाबत गेले तेव्हा फोकस, म्हणजे कीबोर्ड त्या क्षणी पानावर जिथे आहे ती जागा, डॉक्टरांच्या नावावरून थेट पानाच्या तळाशी उडाला. कॅलेंडर त्यांच्या कीबोर्डसाठी अस्तित्वातच नव्हतं. एकाच चौकोनाने दोघांना अडवलं होतं, पण अडवण्याची कारणं वेगवेगळी होती. एकाची सोय करून दुसऱ्याची आपोआप होणार नव्हती.

कर्णबधिर तरुणाने मात्र अपॉइंटमेंट सहज घेतली. पानावर कुठेही अडथळा आला नाही. थोड्या वेळाने त्याचा फोन थरथरला: "अपॉइंटमेंट पक्की करण्यासाठी १ दाबा" असं सांगणारा स्वयंचलित कॉल. तो ऐकू न आल्याने उत्तर गेलं नाही आणि अपॉइंटमेंट रद्द झाली. संकेतस्थळाची कितीही तपासणी केली असती तरी हे सापडलं नसतं, कारण अडथळा संकेतस्थळावर नव्हताच.

पर्याय आणि निर्णय

*पहिला प्रश्न: झटपट उपाय घ्यायचा का?*

एका विक्रेत्याने पानावर एक ओळ कोड टाकला की सुलभतेचं बटन येईल, असं साधन देऊ केलं होतं. अक्षरं मोठी करा, रंग बदला, आणि बाकीचं सॉफ्टवेअर आपोआप दुरुस्त करेल, असा दावा. व्यवस्थापनाला ते पटत होतं, कारण काम एका दिवसाचं होतं.

मी याच्या स्पष्ट विरोधात होतो. ज्याला मोठी अक्षरं किंवा स्क्रीन रीडर लागतो त्याच्या यंत्रावर ते आधीपासून असतं. त्याला प्रत्येक संकेतस्थळावर वेगळं बटन नको असतं, पान नीट बांधलेलं हवं असतं. आणि कोणत्या तारखेला डॉक्टर आहेत हे जर फक्त रंगात लिहिलेलं असेल, तर वरून टाकलेला कोड त्याचा अर्थ कुठून काढणार? वादाचा निकाल प्रात्यक्षिकाने लागला. चाचणीच्या सर्व्हरवर ते साधन चढवून टॅब दाबून दाखवला, फोकस पुन्हा तळाशीच गेला. या धंद्यातल्या दाव्यांबद्दल एक गोष्ट नोंदवून ठेवतो: जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशाच साधनाच्या एका कंपनीला, कोणतंही संकेतस्थळ मानकांत बसवून देण्याच्या तिच्या दाव्यांबद्दल, १० लाख डॉलर भरायला लावणारा आदेश जाहीर केला.

*दुसरा प्रश्न: सुरुवात कुठून?*

अहवालाच्या क्रमाने गेलो असतो तर शेकडो चुका भराभर कमी झाल्या असत्या. आलेख सुंदर दिसला असता, आणि तिघांपैकी एकालाही अपॉइंटमेंट मिळाली नसती. त्याऐवजी आम्ही फळ्यावर रुग्णाचा प्रवास लिहिला: लॉगिन, विभाग, डॉक्टर, तारीख, वेळ, माहिती, पैसे, पक्कं करणं, रद्द करणं. प्रत्येक पायरीपुढे एकच प्रश्न: इथे कोण पूर्ण थांबतो? जिथे माणूस थांबतो ते आधी, जिथे त्रास होतो पण जाता येतं ते नंतर. वेब सुलभतेची मानकं, म्हणजे डब्ल्यूसीएजी, ए, एए आणि एएए अशा तीन चढत्या पातळ्यांत मांडलेली आहेत. उद्दिष्ट त्यांच्या २.२ या ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीतली एए पातळी हेच ठेवलं. पण कामाचा क्रम मानकांच्या अनुक्रमणिकेवरून न ठरवता रुग्णाच्या पायऱ्यांवरून ठरवला. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय मी हाच मानतो, आणि तो मिळवायलाच सर्वांत जास्त वेळ गेला, कारण त्यामुळे पहिले कित्येक आठवडे अहवालातला आकडा जवळपास हलणार नव्हता.

*तिसरा प्रश्न: कॅलेंडरचं काय करायचं?*

डेव्हलपरने एक झटपट दुरुस्ती करून आणली: प्रत्येक चौकोनाला "हे बटन आहे" अशी एआरिया खूण (स्क्रीन रीडरला घटक काय आहे ते सांगणारी कोडमधली खूण) आणि टॅबचा थांबा. आता गृहस्थांना महिन्याच्या शेवटी पोहोचायला तीसेक वेळा टॅब दाबावा लागत होता, आणि स्पेस दाबल्यावर काहीच घडत नव्हतं. खूण लावली की नाव बदलतं, वागणूक बदलत नाही. एचटीएमएलमधलं, म्हणजे वेबपानांच्या मूळ भाषेतलं, खरं बटन वापरलं तर फोकस, एंटर, स्पेस, सगळं सोबतच येतं. एआरियाचा पहिला नियमही हेच सांगतो: मूळ घटक उपलब्ध असेल तर तोच वापरा.

ब्राउझरची तयार तारीखपेटी हा दुसरा पर्याय होता. ती बऱ्यापैकी सुलभ असते, पण तिला सुरुवातीची आणि शेवटची मर्यादा देता येते. मधल्या कुठल्या दिवशी डॉक्टर नाहीत हे तिच्यात दाखवता येत नाही. रुग्णाने अंदाजाने तारीख टाकायची आणि नकार ऐकायचा, असं झालं असतं.

तिसरा पर्याय होता बाणांच्या कळांनी चालणारं, वार आणि तारीख नीट उच्चारणारं कॅलेंडर नव्याने बांधणं. हे शक्य आहे, पण ते सगळ्या ब्राउझरांवर आणि स्क्रीन रीडरांवर नीट चालवणं हे कष्टाचं काम आहे आणि हातात दोनच डेव्हलपर होते.

चौथा पर्याय डिझायनरने सुचवला. त्याला वाटलं रुग्णाला मुळात कॅलेंडर नकोच आहे, त्याला "सगळ्यात लवकर कधी?" याचं उत्तर हवंय. मग उपलब्ध दिवसांची साधी यादीच का देऊ नये? "मंगळवार, १४ तारीख, ५ वेळा मोकळ्या" असं प्रत्येक बटनावर लिहिलेलं, आणि लांबची तारीख हवी असेल तर वर महिना निवडायची सोय. आम्ही हा पर्याय घेतला.

कृती

यादी आली, आणि दिवस निवडल्यावर "मंगळवार १४ साठी ५ वेळा उपलब्ध" हे स्क्रीन रीडरला आपोआप ऐकू जाईल असं केलं. फोकस कुठे आहे ते दाखवणारी चौकट डिझाइनमध्ये "कुरूप दिसते" म्हणून काढलेली होती. ती परत आणली, जाड करून. मजकुराचा रंग पार्श्वभूमीशी उजळपणाच्या किमान ४.५:१ गुणोत्तरात बसवला. पानाच्या कोडमध्ये भाषेची खूण चुकीची होती, त्यामुळे स्क्रीन रीडर मजकूर भलत्याच भाषेच्या आवाजात वाचत होता. एका शब्दाची दुरुस्ती, आणि सगळं पान समजू लागलं.

लॉगिनमध्ये ओटीपीसाठी सहा वेगळे चौकोन होते. प्रत्येकात एक अंक, आणि पेस्ट बंद. स्क्रीन रीडरला सहा बेनाम रकाने ऐकू येत होते. त्याजागी एकच रकाना ठेवला, पेस्ट चालू केलं आणि फोनला कोड आपोआप भरू दिला. लॉगिनसाठी आठवण ठेवणं किंवा उतरवून काढणं हाच एकमेव मार्ग असू नये, ही अट मानकांच्या २.२ आवृत्तीत नव्याने आली आहे आणि ती फार मोलाची आहे. स्मृती अधू असलेल्या माणसासाठी सहा आकडे एका पडद्यावरून दुसऱ्यावर नेणं हे मोठं काम असतं.

खरी खलबतं झाली ती मुदतीवरून. वेळ निवडल्यावर ती ३ मिनिटं राखून ठेवली जात होती आणि तेवढ्यात नाव, पत्ता, आजार, पैसे सगळं उरकायचं होतं. मानक सांगतं की मुदत बंद करता यावी, किंवा किमान १० पट वाढवता यावी, किंवा संपण्याआधी इशारा मिळून ती वाढवायला किमान २० सेकंद मिळावेत, आणि असं किमान १० वेळा करता यावं. व्यवस्थापनाचा आक्षेप रास्त होता: ३ मिनिटं १० वेळा म्हणजे एक वेळ अर्धा तास अडकणार आणि दुसऱ्या रुग्णाचा हक्क जाणार. यावर तोडगा पायऱ्यांचा क्रम बदलून निघाला. आधी रुग्णाची माहिती, नंतर तारीख आणि वेळ. आता वेळ राखल्यावर फक्त पैसे उरले. मुदत वाढवण्याचं बटन दिलं, आणि मुदत संपलीच तर भरलेली माहिती जपून ठेवली. फायदा सगळ्यांनाच झाला. आजारी माणूस घाईत टाइप करत असतो, हे त्याआधी कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

याच टप्प्यावर एक चूक झाली. मुदतीचं घड्याळ स्क्रीन रीडरला कळावं म्हणून टीमने आकडा बदलला की तो उच्चारला जाईल अशी व्यवस्था केली. परिणाम: "एकशे एकोणऐंशी, एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे सत्त्याहत्तर" असा अखंड पाढा, आणि त्यात बाकीचं काहीच ऐकू येईना. चाचणीत अंध बाईंनी लॅपटॉपचा आवाज बंदच केला. मग सुरुवातीला एकदा आणि इशाऱ्याच्या वेळी एकदा, एवढंच ठेवलं.

ॲपमध्ये अपॉइंटमेंट रद्द करायची तर ओळीवर बोट डावीकडे सरकवायचं, दुसरा मार्ग नव्हता. टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर हे फोनमधले स्क्रीन रीडर चालू असताना बोट सरकवणं म्हणजे पुढच्या किंवा मागच्या घटकावर जाणं, त्यामुळे अंध रुग्णांना रद्द करताच येत नव्हतं आणि थरथरत्या हाताला ते धड जमत नव्हतं. "रद्द करा" असं लिहिलेलं बटन दिलं. पक्कं करण्याच्या कॉलला संदेशाचा पर्याय जोडला: कॉल किंवा मेसेज, जे हवं ते निवडा.

परिणाम

तिघांनीही पुन्हा चाचणी दिली आणि तिघांनीही कोणाच्या मदतीशिवाय अपॉइंटमेंट घेतली. अंध बाईंनी शेवटी आणखी एक गोष्ट केली: नुकतीच घेतलेली अपॉइंटमेंट रद्द करून पाहिली. तीही झाली. अहवालातला आकडा शून्यावर आला नाही, पण बराच खाली आला. उरलेल्या बहुतेक नोंदी जुन्या माहितीपानांवरच्या होत्या.

मात्र काम "संपलं" असं जाहीर झाल्यानंतर काही महिन्यांनी सुट्ट्यांची सूचना देणारी एक खिडकी मुखपृष्ठावर आली. तिची बंद करण्याची फुली पुन्हा तोच कीबोर्ड न कळणारा चौकोन होती, आणि खिडकी सगळ्या पानावर पसरलेली. गृहस्थ पहिल्याच पायरीवर अडकले. खिडकी टाकणारी व्यक्ती नवीन होती, तिला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. तेव्हापासून कुठलाही बदल प्रसिद्ध करण्याआधी माउस बाजूला ठेवून पूर्ण अपॉइंटमेंट घ्यायची, असा नियम झाला. त्याला काही मिनिटं लागतात.

वेगळं काय करता आलं असतं

फोन बंद करण्याचा निर्णय आधी आणि वापरून बघणं नंतर, हा क्रमच उलटा हवा होता. दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत फोनची सोय परत सुरू करावी अशी शिफारस मी केली. ती अर्धवट मानली गेली: नोंद केलेल्या रुग्णांपुरता एक क्रमांक सुरू झाला. ज्याला संकेतस्थळच वापरता येत नाही त्याला तो क्रमांक कुठून कळणार, हा प्रश्न तसाच राहिला. तो क्रमांक रुग्णालयातल्या खिडकीवर आणि रुग्णाच्या कागदांवर छापायला हवा होता.

कॅलेंडर पूर्णपणे काढणं हेही घाईचं ठरलं. बौद्धिक अक्षमता असलेल्या एका रुग्णाच्या आईने सांगितलं की मुलगी आठवड्याची चौकट बघूनच दिवस ओळखते, यादीत ती हरवते. आम्ही चाचणीला ज्यांना बोलावलं ते तिघंही तक्रार लिहू शकणारे होते. जे तक्रार लिहू शकत नाहीत त्यांच्यापर्यंत आम्ही पोहोचलो नाही. नंतर कॅलेंडर दुसरं दृश्य म्हणून परत आलं, यावेळी खऱ्या तक्त्यात खरी बटनं घालून, आणि यादीही राहिली. तिसरा पर्याय जिथे अवघड वाटला होता तिथे या मार्गाने कष्ट बरेच कमी पडले, कारण कीबोर्डची सगळी भिस्त आता एकट्या कॅलेंडरवर नव्हती.

पैशांची पायरी अजून पूर्ण सुटलेली नाही. ते पान बाहेरच्या कंपनीचं आहे, त्याच्या कोडला हात लावता येत नाही आणि करारात सुलभतेबद्दल एक ओळही नव्हती. कराराच्या नूतनीकरणात एए पातळीची अट आणि प्रत्यक्ष वापरणाऱ्यांची चाचणी, दोन्ही घालायचं ठरलं आहे. तोवर "पैसे रुग्णालयात भरीन" हा पर्याय सगळ्यांसाठी खुला केला. तो फक्त अपंग रुग्णांपुरता ठेवावा आणि त्यासाठी प्रमाणपत्र अपलोड करून घ्यावं, अशी सूचना आली होती. प्रमाणपत्र अपलोड करण्याची पायरी आधी कीबोर्डवर करून बघा, एवढंच मी सांगितलं. बघितली, आणि सूचना मागे घेतली गेली.